बुरुजातला ‘धूर’ आणि टाकीखालचं टर्बाइन: विजेबद्दल वाचकांचे प्रश्न

वीज तयार कशी होते, याबद्दल नाशिक शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून इथे उत्तरं दिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे प्रत्येक उत्तरात ती पुन्हा उगाळायला नको. सोलार पॅनल सोडलं, तर इथे आलेल्या सगळ्या पद्धतींत शेवटचं काम एकच असतं: तांब्याच्या वेटोळ्यांमध्ये चुंबक फिरवणं. तो वाफेने फिरवा, पाण्याने, वाऱ्याने की डिझेलने. फरक पडतो तो फिरवायला काय लागतं आणि वाटेत किती वाया जातं, यात.

प्रश्न (नाशिकरोड): एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातल्या डमरूसारख्या बुरुजांतून दिवसभर पांढरा धूर निघतो. एवढा धूर गाळून का सोडत नाहीत?

उत्तर: तो धूर नाही. चिमणी वेगळी आणि तो बुरूज वेगळा. कोळशाचा धूर उंच, सरळ चिमणीतून जातो. कमरेत बारीक असलेल्या त्या बुरुजात ना आग, ना कोळसा. तो कुलिंग टॉवर आहे आणि त्यातून निघतो तो निव्वळ पाण्याचा वाफारा. डिसेंबरच्या सकाळी तो दाट दिसतो आणि एप्रिलच्या दुपारी जवळजवळ दिसेनासा होतो. धूर असता तर असा ऋतू बघून लपला नसता.

बऱ्याच जणांना वाटतं की हीच वाफ टर्बाइन फिरवून आलेली असते. तसंही नाही. बॉयलरमधलं पाणी क्षार पूर्ण काढलेलं, महागडं पाणी असतं आणि ते एका बंद चक्रात फिरत राहतं. २१० मेगावॉटच्या संचात ही वाफ साधारण ५४० अंश सेल्सिअसला आणि वातावरणाच्या १३० ते १५० पट दाबाने टर्बाइनमध्ये शिरते. पाती फिरवता फिरवता तिचा दाब आणि उष्णता उतरत जाते. शेवटी ती कंडेन्सरमध्ये जाते. तिथे हजारो नळ्यांमधून गार पाणी खेळवलेलं असतं. वाफेचं पाणी झालं की तिचा आकार एकदम आकसतो आणि तिथे पोकळी तयार होते; दाब वातावरणाच्या सुमारे एक दशांश. ही पोकळीच वाफेला टर्बाइनमधून ओढून घेते. ‘वाफ सरळ आकाशात का सोडत नाही’ असंही एकाने विचारलं आहे, त्याचं उत्तर यातच आहे: ओढ गेली की त्याच कोळशात मिळणाऱ्या विजेचा मोठा हिस्सा गेला, वर ते शुद्ध पाणीही गेलं.

कंडेन्सरच्या नळ्यांमधलं पाणी मात्र साधं असतं. ते गरम होऊन बुरुजाच्या पोटात वरून शिंपडलं जातं, खालून हवा वर चढते, थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि बाकीचं गार होऊन खाली हौदात पडतं. २१० मेगावॉटच्या एका संचासाठी तासाला सुमारे २७ हजार घनमीटर पाणी असं फिरवावं लागतं आणि त्यातलं साडेतीनशे ते चारशे घनमीटर, म्हणजे साडेतीन ते चार लाख लिटर, दर तासाला हवेत उडून जातं. गोदावरीच्या काठी केंद्र का, तर यासाठी. उन्हाळ्यात हे पाणी पुरेसं गार होत नाही, पोकळी ढिली पडते आणि तेवढाच कोळसा जाळून वीज कमी मिळते. कंडेन्सरची एखादी नळी फुटली तर नदीचं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतं आणि क्षार टर्बाइनच्या पात्यांवर बसतात. म्हणून त्या पाण्याची विद्युतवाहकता चोवीस तास मोजत राहावी लागते.

गाळणी असते ती चिमणीच्या आधी. धूर लोखंडी पत्र्यांच्या रांगांमधून जातो. मधल्या तारांना काही दहा हजार व्होल्टचा डीसी दाब दिलेला असतो. राखेच्या कणांवर विद्युतभार बसतो आणि ते पत्र्यांना चिकटतात. ठरावीक वेळाने हातोडे पत्र्यांवर ठोके देतात आणि राख खाली पडते. नीट चालली तर ही यंत्रणा ९९ टक्क्यांहून जास्त राख अडवते. चिमणीचा धूर अचानक करडा, दाट दिसू लागला तर तिचा एखादा भाग बंद पडला असण्याची शक्यता मोठी. तक्रार करायची तर त्या धुराची करा, बुरुजाची नको.

प्रश्न (ओढा): कोळशाच्या मालगाड्या रोज येताना दिसतात. एका युनिटला कोळसा लागतो तरी किती?

उत्तर: आपल्याकडच्या राखट कोळशाचा साधारण ०.७ किलो. हिशेब असा: १ युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. किलोमागे ३,६०० किलोकॅलरी देणारा कोळसा धरला तर ०.७ किलोत २,५२० किलोकॅलरी. म्हणजे उष्णतेतला सुमारे ३४ टक्के भाग विजेत उतरला. उरलेल्यातला बहुतेक भाग कंडेन्सरच्या गार पाण्यात जातो आणि काही चिमणीवाटे. ही चूक कुणाची नाही. उष्णतेवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्राला काही उष्णता गार बाजूला सोडावीच लागते. फक्त वाफ जितकी जास्त तापवाल तितकी ही गळती कमी होते.

एकलहऱ्यात २१० मेगावॉटचे ३ संच आहेत. एक संच पूर्ण भाराने चालला तर तासाला १४७ टन, दिवसाला साधारण साडेतीन हजार टन कोळसा लागतो. एका मालगाडीत साडेतीन ते चार हजार टन मावतो. म्हणजे एका संचाला रोज एक गाडी. कोळशात ३५ टक्के राख धरली तर संचामागे रोज बाराशे टन राखही निघते. तिच्यातली बारीक, उडती राख सिमेंटला आणि विटांना जाते. बॉयलरच्या तळाशी पडणारी जाड राख उरते.

कोळसा ढेकळाने जळत नाही. वाघीण उलटून पाडलेला कोळसा आधी २० मिलिमीटरच्या आसपास फोडतात, मग मिलमध्ये इतका दळतात की त्याचा ७० टक्के भाग इंचाला २०० भोकं असलेल्या चाळणीतून पडावा. पिठीसारखा हा कोळसा गरम हवेच्या झोतावर भट्टीत फुंकला जातो आणि हवेतल्या हवेत पेटतो. पावसाळ्यात ओला कोळसा बंकरच्या भिंतींना चिकटतो, मिलमधलं तापमान उतरतं, ज्योत डळमळते, मग ती सावरायला कोळशापेक्षा महाग तेल जाळावं लागतं. संच अचानक बंद पडण्याचं नेहमीचं कारण मात्र वेगळं: बॉयलरची नळी फुटणं. राखेच्या माऱ्याने नळी झिजते किंवा आतून क्षार बसून जास्त तापते. फुटली की भट्टी थंड करा, आत पाळणे लावा, वेल्डिंग करा, दाबाची चाचणी घ्या. यात दोन-तीन दिवस सहज जातात.

प्रश्न (सिडको): केंद्र उशाशी असून आमची लाईट का जाते? आणि कधी कधी तिथले संच बंद ठेवतात म्हणे, हे कसं?

उत्तर: तुमची लाईट जाते ती बहुतेक वेळा फांदी तारेवर पडल्यामुळे, जमिनीखालची केबल पंक्चर झाल्यामुळे किंवा डीपीतला फ्यूज उडाल्यामुळे. त्याचा एकलहऱ्याशी संबंध नाही. तिथल्या जनित्रातून १५ हजार ७५० व्होल्टला निघालेली वीज २ लाख २० हजार व्होल्टला चढवून राज्याच्या जाळ्यात सोडतात. त्या जाळ्यात कुणाची वीज कुणाला, असं काही उरत नाही.

विजेचा साठा जाळ्यात होत नाही. नाशिकमध्ये या क्षणी जेवढे पंखे, मोटारी, फ्रिज चालू आहेत तेवढी वीज याच क्षणी कुठेतरी तयार व्हावी लागते. मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की देशभरातली सगळी जनित्रं एकदम किंचित मंदावतात आणि ५० हर्ट्झची वारंवारता खाली सरकते. तो आकडा डोळ्यांसमोर ठेवून ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून कुणी किती चालवायचं ते ठरतं. क्रम लावतात तो युनिटमागच्या इंधनखर्चावर, स्वस्त आधी. एकलहऱ्याला कोळसा लांबून रेल्वेने येतो, त्यामुळे खाणीच्या तोंडाशी असलेल्या केंद्रांपुढे त्याचा खर्च जड पडतो. मागणी उतरली की आधी अशाच संचांना हळू करतात, कधी थांबवतात.

पण कोळशाचा संच नळासारखा उघड-बंद होत नाही. साधारण ५५ टक्क्यांखाली भार नेला तर ज्योत टिकवणं अवघड जातं. पूर्ण गार झालेला संच पुन्हा जाळ्याला जोडायला आठ-बारा तास लागतात. आधी तेलाच्या ज्योतीवर बॉयलर सावकाश तापवायचा, जाड पोलाद एकसारखं तापेल इतक्या धीम्या गतीने. टर्बाइनचा दांडा थांबलेला असतानाही छोट्या मोटारीने हळूहळू फिरवत ठेवावा लागतो, नाहीतर स्वतःच्या वजनाने आणि असमान उष्णतेने तो वाकतो. मग मिनिटाला ३,००० फेरे आणायचे आणि व्होल्टेज, वारंवारता व लाटेची वेळ जाळ्याशी तंतोतंत जुळल्यावरच ब्रेकर, म्हणजे जनित्र जाळ्याला जोडणारा मोठा स्विच, दाबायचा. जुळण्याआधी दाबला तर दांड्याला असा हिसका बसतो की कपलिंग तुटू शकतं.

प्रश्न (इंदिरानगर): आमची सोसायटी सात मजली. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दिवसभर खाली येतच असतं. त्या पाइपला छोटं टर्बाइन बसवलं तर जिन्यातले दिवे फुकटात चालतील का?

उत्तर: नाही चालणार, आणि का ते आकड्यात बघा. हजार लिटर पाणी २१ मीटर उतरलं तर त्यातून ०.०५७ युनिट ऊर्जा मिळते. छोट्या टर्बाइनची ६० टक्के कार्यक्षमता धरली तर हाती ०.०३४ युनिट. सोसायटीत रोज २० हजार लिटर पाणी वापरलं तर दिवसाला ०.७ युनिटही होत नाही. शिवाय टर्बाइन पाण्याचा दाब खातं, म्हणजे वरच्या मजल्यांना नळ करंगळीएवढा येईल. आणि ते पाणी वर चढवलं होतं पंपाने, त्यापेक्षा जास्त वीज खर्चून. त्यापेक्षा तो पंप बदला. जुना, घासलेला पंप काढून चांगल्या कार्यक्षमतेचा बसवला तर रोज वाचणारी वीज यापेक्षा कितीतरी जास्त असेल.

प्रश्न (गंगापूर रोड): पावसाळ्यात गंगापूर धरणातून हजारो क्युसेक पाणी सोडतात. त्यावर मोठी वीज का करत नाहीत?

उत्तर: वरच्याच हिशेबाचा हा मोठा भाऊ. सूत्र एका ओळीचं आहे: ९.८१ गुणिले घनमीटर प्रति सेकंद गुणिले मीटरमध्ये उंची गुणिले कार्यक्षमता, उत्तर किलोवॉटमध्ये. समजा १०,००० क्युसेक पाणी सोडलं. ३५.३ क्युसेक म्हणजे १ घनमीटर प्रति सेकंद, तेव्हा झाले २८३. उपयोगी उंची २५ मीटर आणि कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर येतात सुमारे ५९ मेगावॉट. ऐकायला छान. पण एवढं पाणी वर्षातले काही दिवसच सुटतं, त्याच दिवसांत खालच्या पात्रातही पाणी चढून उंची घटते आणि गाळ-ओंडके येतात ते वेगळेच. कालव्याला ३०० क्युसेक सुटत असेल तर त्याच सूत्राने जेमतेम पावणेदोन मेगावॉट निघतात. ५९ मेगावॉटची यंत्रं आठवड्याभरासाठी बसवून वर्षभर गंजत ठेवणं परवडत नाही.

जलविद्युतचं भांडवल उंची हे आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेलं पाणी पूर्वेला जाऊ न देता पश्चिमेला कोकणात उतरवलं की शेकडो मीटर उंची मिळते. कोयना प्रकल्प १,९६० मेगावॉटचा झाला तो यामुळेच. आपल्या इगतपुरी तालुक्यातल्या वैतरणेच्या पाण्यावरही ६० मेगावॉटचं वीजगृह आहे.

यंत्राची निवडही उंचीवरच. काहीशे मीटर उंची आणि कमी पाणी असेल तर वाट्यांच्या चाकावर पाण्याचा फवारा मारणारं पेल्टन, मधल्या उंचीला फ्रान्सिस, कालव्यासारख्या कमी उंचीला जहाजाच्या पंख्यासारखं कापलान. ही चाकं वाफेच्या टर्बाइनपेक्षा हळू फिरतात, म्हणून जनित्रात चुंबकाचे ध्रुव जास्त लावतात. मिनिटाला ३०० फेरे असतील तर २० ध्रुव, तेव्हा ५० हर्ट्झ जमतात. पाणी टर्बाइनमधून बाहेर पडतं तिथे दाब फार उतरला की पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि फुटताना पोलादाला वाळवी लागल्यासारखी भोकं पाडतात. प्रत्येक वार्षिक दुरुस्तीत आधी तेच तपासतात.

प्रश्न (घोटी): भंडारदऱ्याजवळ घाटघरला खालचं पाणी पुन्हा वर चढवतात. चढवायला जास्त वीज लागते, मग हा आतबट्ट्याचा धंदा कशाला?

उत्तर: युनिटांच्या हिशेबात आतबट्ट्याचाच आहे. १०० युनिट खर्चून परत मिळतात ७५ ते ८०. पण नको तेव्हाचं युनिट आणि हवं तेव्हाचं युनिट यांची किंमत सारखी नसते. घाटघरला १२५ मेगावॉटचे २ संच आहेत, २००८ पासून चालू. वरचा जलाशय घाटमाथ्यावर, खालचा चोंढ्याला कोकणाच्या बाजूला, मधली उंची ४०० मीटरच्या वर. तेच यंत्र एका दिशेने फिरलं की टर्बाइन, उलट फिरलं की पंप. एवढ्या उंचीवरून घरच्या टाकीएवढं, म्हणजे हजार लिटर पाणी उतरलं की साधारण १ युनिट मिळतं. वरच्या इंदिरानगरच्या टाकीशी ताडून बघा.

आणखी एक गुण: असा संच काही मिनिटांत पूर्ण भारावर येतो. संध्याकाळी सूर्य मावळून सोलार शून्यावर जातं आणि घराघरांत दिवे लागतात, त्या तासाला अशा यंत्राची किंमत कळते.

प्रश्न (पाथर्डी फाटा, अशोकनगर, पंचवटी आणि इतर): छतावर ३ किलोवॉटचं सोलार बसवलं. (१) लाईट गेली की सोलारही बंद पडतं, हे असं का? (२) उन्हाळ्यात कडक ऊन असून वीज वाढत का नाही? (३) भर दुपारी इन्व्हर्टर आपोआप बंद-चालू होतो.

उत्तर: सगळ्यात जास्त पत्रं याच विषयावर आली, म्हणून सविस्तर.

लाईट गेल्यावर सोलार बंद पडणं हा दोष नाही, तसं मुद्दाम केलेलं असतं. सोलारचा इन्व्हर्टर म्हणजे पॅनलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा डबा. बॅटरी नसेल तर तो जाळ्याच्या व्होल्टेजचा ठेका धरून त्यावर आपली वीज चढवतो. ठेका थांबला की त्यालाही थांबावं लागतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: खांबावर वायरमन लाईन बंद आहे समजून तारेला हात लावणार, आणि तुमच्या छतावरून त्याच तारेत वीज येत राहिली तर त्याचा जीव जाईल. लाईट नसतानाही वीज हवी असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. ५ किलोवॉट-तासांच्या लिथियम बॅटरीवर दिवे, चार-पाच पंखे, फ्रिज आणि वायफाय रात्रभर निघतात. गीझर आणि एसी त्यावर टाकू नका. आणि अंगणातून वायर ओढून छोट्या जनरेटरवर सोलारचा इन्व्हर्टर ‘फसवून’ चालू करण्याची युक्ती कुणी सांगितली तर अजिबात करू नका. जनरेटरमध्ये उलटी वीज शिरून तो जळतो.

उन्हाळ्याचं कोडं: पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. त्यावर छापलेले ५५० वॉट हे पॅनल २५ अंशाला असतानाचे असतात. एप्रिलच्या दुपारी गच्चीवर पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतं. दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के घट धरली तर ४० अंशांना १४ टक्के, म्हणजे ५५० चे ४७३ वॉट. पॅनलखाली हात जाईल एवढीही मोकळी जागा न ठेवता ते पत्र्याला चिकटवून बसवलं असेल तर घट याहून जास्त. नाशिकला वर्षाची सरासरी किलोवॉटमागे रोज ४ युनिटच्या आसपास धरावी, म्हणजे ३ किलोवॉटला १२. जुलै-ऑगस्टच्या झाकोळात ती निम्म्यावर येते, तेव्हा घाबरू नका.

सावलीचं मात्र घाबरा. एका रांगेत जोडलेली ६ पॅनलं म्हणजे एकाच पाइपातून वाहणारं पाणी. एकावर सावली पडली तर सगळ्यांचा प्रवाह अडतो. पॅनलमधले बायपास डायोड सावलीचा तुकडा वगळून वाट काढून देतात, पण तेवढं व्होल्टेज जातं. २१ डिसेंबरला नाशिकात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साडेसेहेचाळीस अंशच वर असतो. पॅनलच्या पातळीपेक्षा ६ फूट उंच टाकीची सावली तेव्हा उत्तरेला पावणेसहा फूट पडते आणि सकाळी नऊला ती याहून बरीच लांब असते. उन्हाळ्यात जागा बघायला आलेल्या माणसाला ही सावली दिसत नाही. म्हणून टाकी, जिन्याची खोली, डिश अँटेना यांच्या उत्तरेची जागा सोडूनच पॅनलं लावा, तोंड दक्षिणेला, उतार १५ ते २० अंश.

तिसरा प्रश्न सगळ्यात कमी समजून घेतला जातो. इन्व्हर्टरला वीज बाहेर ढकलायची तर त्याचं व्होल्टेज जाळ्यापेक्षा किंचित जास्त ठेवावं लागतं. वायर बारीक आणि लांब असेल तर हा फरक वाढतो. ३ किलोवॉट म्हणजे १३ अँपिअर. इन्व्हर्टर ते मीटर ३० मीटर अंतराला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली असेल तर जवळजवळ ६ व्होल्टचा फरक पडतो; ६ चौरस मिलिमीटरची टाकली तर अडीचच्या आत. त्यात दुपारी आळीतली सगळी सोलारं एकाच फेजवर वीज सोडत असतील आणि डीपीचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची खाच) आधीच वर असेल, तर इन्व्हर्टरची व्होल्टेजची मर्यादा ओलांडली जाते आणि तो बंद पडतो. तपासणी सोपी आहे. कडक उन्हात इन्व्हर्टरच्या पडद्यावरचं व्होल्टेज आणि त्याच वेळी मीटरजवळ मल्टिमीटरने मोजलेलं व्होल्टेज लिहून घ्या. फरक ४ व्होल्टच्या वर असेल तर दोष तुमच्या वायरीत किंवा ढिल्या जोडात. फरक नाही आणि मीटरलाच व्होल्टेज चढलेलं आहे, तर महावितरणकडे लेखी तक्रार करा आणि त्यात हे दोन्ही आकडे, तारीख आणि वेळ लिहा. नुसतं ‘सोलार बंद पडतं’ लिहिलं तर कुणी फिरकणार नाही.

पॅनल धुण्याबद्दल: पंधरा दिवसांनी, सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, काच तडकते. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर कायमचे बसतात. शेवटचा हात तरी गोड्या पाण्याचा द्या. कबुतराची वाळलेली विष्ठा आधी भिजवा, घासू नका. पॅनलांमधले डीसीचे जोड दिवसा, वीज वाहत असताना कधीही ओढून काढू नका. ६ पॅनलांच्या रांगेत जवळपास ३०० व्होल्ट असतात आणि डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही.

प्रश्न (निफाड): २० जनावरांचा गोठा आहे. गोबरगॅसवर जनरेटर चालवून वीज करावी का?

उत्तर: आमचं मत: आधी चूल, मग कडबाकुट्टी, आणि तरीही गॅस उरला तरच जनरेटर. जनावरामागे १० किलो शेण धरलं तर २०० किलो, त्यातून सुमारे ८ घनमीटर गॅस. छोट्या इंजिनात घनमीटरला दीड युनिट मिळतं, म्हणजे दिवसाला १२ युनिट. हाच गॅस जाळला तर रोज साडेतीन किलो स्वयंपाकाच्या गॅसची जागा घेतो. चार दिवसांना एक सिलिंडर. कशात पैसे जास्त वाचतात ते स्वतःच बघा.

तरी इंजिन घेतलंच तर त्याचा शत्रू गॅसमधला सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड आहे. तो तेलात मिसळून आम्ल बनतो आणि बेअरिंग खातो. गॅस इंजिनात जाण्याआधी लोखंडाच्या गंजलेल्या किसाने भरलेल्या पिंपातून न्या. कीस काळा पडला की बदला किंवा हवेत पसरून पुन्हा तांबूस होऊ द्या. तो पसरताना तापतो, म्हणून कडब्याजवळ ठेवू नका. तेल डिझेल इंजिनापेक्षा लवकर बदला. गॅसच्या पाइपात पाणी साठतं, सर्वात खालच्या जागी तोटी ठेवा आणि रोज सोडा.

तुमच्याकडची थंडी ध्यानात घ्या. शेण कुजवणारे जिवाणू ३५ अंशांच्या आसपास जोमात असतात आणि १५ च्या खाली जवळजवळ झोपतात. डिसेंबर-जानेवारीत शेण कालवायला उन्हात तापलेलं पाणी वापरा, घुमटावर मातीचा आणि उसाच्या पाचटाचा थर द्या.

प्रश्न (सुरगाणा): डोंगरावर वारा भरपूर आहे. घरापुरती छोटी पवनचक्की लावू का?

उत्तर: ‘भरपूर’ मोजल्याशिवाय लावू नका. वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाने बदलते. वेग निम्मा झाला की ताकद आठवा हिस्सा उरते. २ मीटर व्यासाच्या पात्यांना सेकंदाला १० मीटर वाऱ्यात पाचशे वॉट मिळतील, पण ४ मीटर वाऱ्यात ३०-३५ वॉट. आपल्या राज्यात जोराचा वारा मुख्यतः जून ते सप्टेंबर असतो. मोठ्या पवनचक्क्या धुळ्याच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला, साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावर उभ्या आहेत, त्या तिथल्या वाऱ्याच्या नोंदी घेऊनच. त्यांचं पातं सेकंदाला साधारण ३ मीटर वाऱ्याला फिरू लागतं आणि २५ मीटरच्या वर वादळात पाती स्वतःहून कड वळवून थांबतात. घरासाठी तेच पैसे सोलारात घाला.

प्रश्न (देवळाली कॅम्प): तारापूरला अणूपासून थेट वीज काढतात का?

उत्तर: थेट नाही. अणुभट्टी म्हणजे कोळशाऐवजी युरेनियमवर तापणारा बॉयलर. पुढची वाफ, टर्बाइन, कंडेन्सर सगळं एकलहऱ्यासारखंच. वाफ मात्र २५० अंशांच्या आसपासच तापते, त्यामुळे कार्यक्षमता ३० टक्क्यांच्या घरात. पण इंधन बघा: तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या भट्ट्यांमध्ये वापरतात त्या नैसर्गिक युरेनियमच्या १ किलोतून सुमारे ४८ हजार युनिट मिळतात. तेवढ्या विजेला एकलहऱ्यात साडेतेहतीस टन कोळसा लागेल.

प्रश्न (पंचवटी, मंगल कार्यालय): ६२.५ केव्हीएचा जनरेटर आहे. काळा धूर फार, डिझेल फार खातो. मेकॅनिक म्हणतो इंजिन उघडावं लागेल.

उत्तर: उघडण्याआधी भार मोजा. ६२.५ केव्हीए म्हणजे ५० किलोवॉट. लग्न नसलेल्या दिवशी ऑफिस, पंप आणि चार दिवे मिळून ८ किलोवॉटवर तो चालत असेल, तर १६ टक्के भार झाला. इतक्या कमी भाराला सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, इंजेक्टरवर काजळी बसते, एक्झॉस्टच्या तोंडाशी काळं, ओलसर तेल दिसतं. पूर्ण भाराला लिटरमागे साडेतीन युनिट देणारा संच पाव भाराला अडीचवर येतो. ३० टक्क्यांखाली तास न् तास चालवू नका. रोजच्या कामाला १०-१५ केव्हीएचा वेगळा छोटा संच स्वस्त पडेल. महिन्यातून एकदा अर्धा तास ३० किलोवॉटपर्यंत भार टाका, काजळी बरीच जळून जाते. एवढं करूनही धूर राहिला तर एअर फिल्टर, मग इंजेक्टर, आणि त्यानंतर इंजिन.

पडद्यावरची वारंवारताही बघा. ४ ध्रुवांचं जनित्र मिनिटाला १,५०० फेऱ्यांना ५० हर्ट्झ देतं. भार टाकल्यावर ४८ च्या खाली जात असेल तर गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) किंवा डिझेल फिल्टर तपासा. पंपाच्या मोटारी त्या वारंवारतेला तापतात. आणि चेंजओव्हर स्विच असा हवा की महावितरणची लाईन आणि जनरेटर एकाच वेळी जोडले जाणं यांत्रिकरीत्याच अशक्य असेल, न्यूट्रलसकट. दोन वेगळे एमसीबी लावून ‘आठवणीने’ बदलणं चालणार नाही: चुकून दोन्ही चालू राहिले तर तुमचे ४१५ व्होल्ट डीपीतून उलटे चढून बाहेरच्या तारेवर ११ हजार होतात.